वाट आणि नकाशा



बाराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘बारा सत्ते किती?’ असे विचारले, म्हणजे तो गोंधळतो आणि ‘बारा एके बारा’पासून पुन्हा आरंभ करतो. असा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक शाळेत असतो व पुष्कळदा त्याच्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो. वस्तुतः त्याला वाट पाठ असते. नकाशा मात्र त्याच्यापाशी नसतो. या दोहोंतील भेदावर मेंदूविषयीच्या संशोधनाने चांगला प्रकाश टाकला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी 1948 साली असे प्रतिपादन केले की, चक्रव्यूहात फिरणारा उंदीर केवळ वळणे लक्षात ठेवीत नाही, तर त्या जागेचा मानसिक नकाशा तयार करतो. नेहमीचा मार्ग बंद केला असता, पुष्कळ उंदरांनी अन्नाच्या दिशेने जाणारा नवा मार्ग निवडला होता. लंडन येथे जॉन ओ’कीफ यांना 1971 साली मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ‘स्थान-पेशी’ आढळल्या. उंदीर एका ठराविक ठिकाणी आला म्हणजे एक पेशी जागृत होई, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. पुढे 2005 साली नॉर्वेमध्ये मे-ब्रिट मोझर, एडवर्ड मोझर व त्यांचे सहकारी यांनी शेजारच्या भागातील ‘जाळी-पेशीं’चा शोध जाहीर केला. अशी एकेक पेशी ज्या ज्या ठिकाणी जागृत होते, ती ठिकाणे जोडली असता समभुज त्रिकोणांची नियमित जाळी तयार होते. या तिघांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याहून महत्त्वाचा प्रयोग ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केला. मान व पाय यांची लांबी बदलत जाणाऱ्या पक्ष्यांची चित्रे त्यांनी माणसांना दाखविली. कोणीही जागचे हलले नव्हते. तथापि मनातल्या मनात एका आकृतीकडून दुसरीकडे जाताना त्यांच्या मेंदूत जाळी-पेशींच्या कार्याशी जुळणाऱ्या खुणा दिसल्या. सारांश, जागा जाणण्याची रचना मेंदू कल्पनांसाठीही वापरीत असावा. ‘जवळचे नाते’, ‘विषयांतर’, ‘विचार भरकटणे’ असे आपण बोलतो, तेही अर्थपूर्णच आहे.

एवढ्यावरून अध्यापनाची एखादी पद्धती सिद्ध झाली, असे मानू नये. पाठांतर त्याज्य ठरले, असेही नाही. वाट ठाऊक असावीच लागते. परंतु तीच एक वाट पुरत नाही, हा बोध शिक्षकाने अवश्य घ्यावा.

अंगणात फक्कीने रेघ ओढून तिच्यावर बाराचा पाढा मांडावा. मुलाने 60 वर उभे राहून दोन उड्यांनी 84 गाठावे, मग 120 वरून तीन उड्या मागे येऊन तेथेच पोहोचावे. दहा वर्षांचे एक पाऊल धरले, तर शिवजन्माच्या 1630 पासून पेशवाई संपली त्या 1818 पर्यंत सुमारे एकोणीस पावले होतात. तेथून 1947 पर्यंत तेरा. आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपर्यंत, म्हणजे 1960 पर्यंत, जेमतेम सव्वा पाऊल. पाठ केलेल्या सनांमधील अंतर मुलाला अशा रीतीने प्रत्यक्ष चालून कळते.

मूल अडले, म्हणजे त्याला उणे लेखण्यापूर्वी शिक्षकाने एवढेच पाहावे, की आजवर त्याला किती वाटांनी नेले.