शेक मागणारी मान



१९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने आपल्याकडे फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात झाली, तेव्हा समोर पोलिओची मुलं होती. आज आपल्या दारात वेगळं पोर उभं आहे. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारं, एमपीएससीच्या तारखेकडे डोळे लावलेलं. त्याचं मागणं ठरलेलं असतं: "मॅडम, मान धरलीय. पटकन शेक द्या ना, परवा पेपर आहे."

आणि आपण शेक देतो. अल्ट्रासाउंड, नाहीतर आयएफटीचा विद्युतप्रवाह; पॅड चिकटवले की आपण पुढच्या रुग्णाकडे मोकळे. मानेच्या दुखण्यावर अल्ट्रासाउंडच्या उपयोगाचा पुरावा किती तोकडा आहे, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मशीन बंद होत नाही, कारण मशीन लावलं नाही तर उपचार झाल्यासारखं वाटत नाही. रुग्णाला, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

हातांचं काम त्याहून बरं. ट्रॅव्हेल आणि सिमन्स यांच्या १९८३च्या ग्रंथापासून मान-खांद्याच्या अप्पर ट्रॅपिझियस स्नायूमधली दुखरी गाठ आपण बोटांनी ओळखतो. तिच्यावर दाब धरून ठेवायचा, किंवा स्नायूला काही सेकंद हलकंसं आकुंचन करायला लावून सैल पडताच ताणायचं. मान उपचाराच्या टेबलावरच जास्त वळू लागते. आराम खोटा नसतो. पण मुलगा तिथून उठून पुन्हा त्याच खुर्चीत जातो.

आता जरा कडू. आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर ते चित्र आहे: मोबाइलकडे वाकलेली मान, आणि तिच्यावर २७ किलो भार. २०१४ मधला तो आकडा गणिती प्रतिकृतीतून काढलेला आहे, माणसांच्या मानेवर मोजलेला नाही. पुढे ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली; वाकून मोबाइल बघणं आणि मान दुखणं यांत संबंध आढळला नाही. ते चित्र पाहून घाबरलेला मुलगा मान आखडून ताठ बसतो, आणि ताठ बसूनही तासन्‌तास एकाच जागी. ते चित्र उतरवा. वाकण्यापेक्षा न हलण्याची चौकशी करा. झोप किती होते, परीक्षेचा ताण किती आहे, हेही विचारा. हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणं, दुखण्यासोबत ताप, यातलं काही असेल तर टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा.

खरं औषध स्वस्त आहे. डेन्मार्कमध्ये २०११ साली मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या नोकरदारांना रबरी पट्टी ताणून हात बाजूने वर उचलायला लावलं; एका गटाला दिवसाला १२ मिनिटं, दुसऱ्याला फक्त २. आठवड्याचे पाच दिवस, दहा आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. ते विद्यार्थी नव्हते, हे खरं. पण दोन मिनिटं अभ्यासिकेच्या जिन्यातही मिळतात. ज्याला जास्त हवं त्याला मानेचे खोल स्नायू शिकवा. हनुवटी आत घेऊन होकाराची अगदी बारीक हालचाल, जोर न लावता.

शेवटी पदव्युत्तर मार्गदर्शकांशी दोन शब्द. दरवर्षी आपले प्रबंध येतात: तंत्र 'अ' विरुद्ध तंत्र 'ब', अप्पर ट्रॅपिझियस, महाविद्यालयीन विद्यार्थी. रुग्ण आपल्याच कॉलेजच्या खालच्या वर्गातले, उपचार काही दिवसांचे, आणि निष्कर्ष ठरलेला: दोन्ही तंत्रं उपयोगी. हे आता पुरे. एखादी अभ्यासिका घ्या, चालकाची परवानगी काढा, पट्ट्या वाटा, आणि मुलं परीक्षा देऊन मोकळी झाल्यावर पुन्हा मोजा. किती जणांनी व्यायाम सोडला आणि का सोडला, तेही लिहा. असा एखादा निबंध पुढच्या अधिवेशनात आला, तर तो दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात ढकलू नये, एवढी विनंती मी संयोजकांना आत्ताच करून ठेवते.