नवा उद्योग तगतो कशावर?

(उद्योजक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



नवउद्योजकाला भांडवल कसे मिळावे, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया आली; दोहोंचे स्वागतच आहे. परंतु सुरू झालेला उद्योग टिकतो कसा, हा प्रश्न निराळा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून प्रारंभ केला आणि पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीना. पुढे बेळगावातील जागाही सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांकडे कर्तृत्व होतेच. त्या माळाने त्यांना वेळ मिळवून दिला.

आजच्या नवउद्योजकाकडे नेमका हा वेळ नसतो. शहरात गाळ्याचे भाडे एक तारखेला द्यावे लागते, गिऱ्हाईक जमो वा न जमो. खेड्यात जागा घरची असते, भाड्याची चिंता नसते. तेथे उधारी दुकान खाते. उसाचे बिल आले की देतो, सोयाबीन विकले की देतो, असे म्हणणारा शेतकरी लबाड नसतो. त्याचेच पैसे अडकलेले असतात. परंतु घाऊक व्यापारी हंगामाची वाट पाहत नाही. वहीत नफा दिसतो आणि गल्ला मात्र रिकामा! असे कित्येक व्यवसाय माल खपत असताना बंद पडतात.

मोठ्या कारखान्यांनी लहान पुरवठादारांचे पैसे थकवू नयेत, म्हणून २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने लहान उद्योजक बहुधा गप्प बसतो.

शिवाय हा कायदा आपल्या घरात सहसा कुणाला आठवत नाही. घरच्या लग्नाचा मांडव कुणा नवख्या तरुणाने घातलेला असतो. आहेर मोजून झाले, पाहुणे गेले, तरी त्याचे बिल दिवाणखान्यातच पडून असते आणि मजुरांची मजुरी त्याने त्याच रात्री चुकती केलेली असते. ते बिल आपण कोणत्या तारखेला देतो, हे आज घरी गेल्यावर प्रत्येकाने पाहावे.