बागेंतील आगगाडी आणि बारकाव्यांची निवड

आगगाडीचें आकर्षण लहानांना असतें तसेंच थोरांनाही असतें. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत कित्येक गृहस्थ घरामागील बागेंत आगगाडीची लहान प्रतिकृति चालवितात. १९६८ सालीं न्यूरेंबर्ग येथील लेमान या खेळण्यांच्या कारखान्यानें ४५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून धावणारी, ऊनपाऊस सोसणारी विजेची गाडी बाजारांत आणली व या छंदास मोठी चालना मिळाली. गाडी घेणाऱ्यापुढें पहिला प्रश्न येतो तो हा, कीं तिच्यावर बारकावे किती असावेत? प्रत्येक रिव्हेट व प्रत्येक नळी हुबेहूब असावी, कीं ढोबळ आकार साधला म्हणजे पुरे?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. बारकाव्यांबरोबर किंमत वाढते, आणि किमतीहूनही अधिक वेगानें नाजूकपणा वाढतो. मग घरांतील मुलांना “हात लावूं नका” अशी ताकीद मिळते, आणि चालण्यासाठीं घेतलेली गाडी कांचेच्या कपाटांत उभी राहते.

या बाबतींत प्रथम डोळ्याची शक्ति लक्षांत घ्यावी. निरोगी डोळ्यास दोन खुणा वेगळ्या दिसण्यास त्यांच्यामध्यें अंशाचा साठावा भाग, म्हणजे सुमारें एक कला, इतका कोन लागतो. तीन मीटरांवरून पाहतां हें अंतर जवळजवळ ०.९ मिलिमीटर भरतें. लेमानच्या गाड्यांचें ठरीव प्रमाण १ : २२.५ असें आहे. तेव्हां खऱ्या गाडीवर जें दोन सेंटिमीटरांहून लहान, तें बागेंतील पाहणाऱ्यास बहुधा नसल्यासारखेंच होय. तीच गाडी मेजावर हातभर अंतरावर ठेवली, तर मात्र प्रत्येक उणीव डोळ्यांत भरते. म्हणून दुकानांत केलेली पारख बागेंत उपयोगी पडेलच असें नाहीं.

दुसरा विचार पाहण्याच्या जागेचा. रूळ जमिनीवर असतील तर गाडी वरून दिसते. अशा वेळीं डब्याचें छप्पर, धुराडें व बाष्पकाचा माथा यांवर मेहनत घ्यावी. चाकांमागील ब्रेकच्या दांड्या कोणाच्याही दृष्टीस पडत नाहींत. मार्ग कमरेइतक्या उंच ओट्यावर असेल, तर दारें, खिडक्या व चाकें यांना महत्त्व येतें.

शिवाय बागेंतील रेल्वेंत कांहीं असत्य पत्करावेंच लागतें. या मार्गाचा नेहमींचा रूळ ८.४ मिलिमीटर उंच असतो. त्याला २२.५ नें गुणिलें तर १९ सेंटिमीटर होतात, आणि भारतांतील ६० किलोचा मोठा रूळही १७.२ सेंटिमीटरच उंच आहे! परंतु त्यावर एखादे वेळीं माणसाचा पाय पडतो, तेव्हां तो जाड असणेंच बरें. वळणेंही तशींच. ६० सेंटिमीटर त्रिज्येचें वळण खऱ्या मापानें अवघें साडेतेरा मीटर होतें. इतक्या अरुंद वळणावर डब्यांच्या टोकांशीं लावलेल्या हुबेहूब नळ्या व पायऱ्या एकमेकींवर आदळून मोडतात.

सारांश, प्रमाणबद्धता आधीं व बारकावे मागाहून. माथेरानची गाडी घ्या. १९०७ सालीं सुरू झालेल्या त्या मार्गाची रुंदी ६१० मिलिमीटर. ३२ मिलिमीटर मार्गावर तिची प्रतिकृति १ : १९ या प्रमाणांत बरोबर बसते. इंजिनाची ठेवण, धुराड्याची उंची आणि डब्यांशीं त्याचें प्रमाण जमलें, तर दहा पावलांवरूनही जाणता तिला ओळखील. तीं चुकलीं, तर शंभर रिव्हेटही उपयोगी पडणार नाहींत.

व्यवहारांत मधली पायरी बहुतेकांस सोयीची. पाहणाऱ्याची नजर इंजिनावर खिळते, म्हणून तेथें अधिक खर्च करावा. मालाचे डबे साधे असले तरी चालतात, मात्र एकाच गाडींत फार तफावत नसावी. खऱ्या वाफेच्या इंजिनाला उष्णता व तेल यांचा त्रास असतो; त्याचे कठडे धातूच्या जाड तारेचे असावेत. जेथें मुलें गाडी हाताळणार, तेथें मजबुतीचाच विचार करावा. गवतांत पडलेला बारीक भाग पुन्हां सांपडणें कठीण. साध्या गाडीवर बारकावे पुढें चढवितां येतात. म्हणून आरंभीं बेतानेंच घ्यावें, आणि घेतलेली गाडी मुलांच्या हातीं देण्याइतकी भक्कम असावी.