बंदूक दिसली, बायका दिसल्या नाहीत

(धाराशिव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय आहे लायबेरियाच्या यादवीवरचा एक माहितीपट. पण त्याच्या वाटेने मला आपल्याच जिल्ह्यात यायचं आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात 1989 च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरने बंड पुकारलं. मध्ये दोनेक वर्षं उसंत मिळाली, बाकी 2003 पर्यंत मारामारीच चालली. अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. शाळेत जायच्या वयाच्या पोरांच्या हाती बंदुका आल्या.

2003 मध्ये बायका रस्त्यावर आल्या. चर्चमधून लेमा ग्बोवी उभ्या राहिल्या आणि असातू बाह केनेथ या पोलीस अधिकारी बाईंनी मुस्लिम बायकांना एकत्र आणलं. पांढरे कपडे घालून साऱ्याजणी राजधानी मन्रोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानात ठाण मांडून बसल्या. घानातल्या शांततेच्या वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा बायका सभागृहाच्या दारातच बसल्या. तोडगा काढा, मगच बाहेर पडा! 18 ऑगस्ट 2003 ला करार झाला. 2011 च्या शांततेच्या नोबेलमध्ये ग्बोवी यांचाही वाटा होता.

जिनी रेटिकर यांनी 2008 साली यावर ‘प्रे द डेव्हिल बॅक टू हेल’ हा माहितीपट केला. निर्मात्या ॲबिगेल डिस्ने यांनी जुनं चित्रण धुंडाळलं, तर बंदूकधाऱ्यांचं हवं तेवढं मिळालं, या बायकांचं मात्र फारच थोडं. मग त्यांना समोर बसवून बोलतं केलं. हा माहितीपट उभा आहे तो या साक्षींवर.

आता आपल्याकडे या. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. 17 तारखेला सारं आटोपलं. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावोगाव काय केलं, हे इथे सांगायला नको. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्या शेजारच्या लातूरचाच वकील. फौजा आल्यानंतर काय झालं, ते मात्र आपण सांगत नाही.

नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्यासारख्यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरात नऊ जिल्हे पालथे घातले. कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत पहिलं नाव उस्मानाबादचं, म्हणजे आपल्या धाराशिवचं. लातूरही तेव्हा याच जिल्ह्यात होतं. सरदार पटेलांनी या पाहणीवर आक्षेप घेतला आणि अहवाल कित्येक दशकं अप्रकाशित राहिला. त्याच अहवालात जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. एका ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचं रक्षण केलं आणि त्याची जबर किंमत मोजली.

त्या सप्टेंबरातल्या फौजा आणि शरणागती आपण चित्रांत पाहतो. शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्या बाईचं चित्र कुणी काढलं नाही. तिचं नावही कुठे लिहिलेलं नाही. लायबेरियाच्या बायका निदान पाच वर्षांत कॅमेऱ्यापुढे बोलल्या. आपल्याला पाऊणशे वर्षं उलटून गेली.

काहींना वाटतं, जुन्या जखमा कशाला उकरायच्या? मला वाटतं, न सांगितलेल्या गोष्टीची अफवा होते आणि अफवा पुढच्या दंगलीला कामी येते. रझाकारांनी जाळलेली घरंही सांगा, नंतर उजाड झालेल्या वस्त्याही सांगा. दोन्ही एकाच दमात सांगता आलं, तरच तो इतिहास.

1948 साली जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीला टेकलेत. तेव्हा येत्या 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की गावातल्या थकल्या आजी-आजोबांकडे जा. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. कुणी कुणाला मारलं एवढंच विचारू नका. कुणी कुणाला लपवलं, खायला काय दिलं, किती दिवस ठेवलं, हेही विचारा. त्यांच्या परवानगीने ते नोंदवा आणि गावच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.