कैलास-मानसरोवर : सत्तरीच्या आत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आमची यात्रा सव्वीस-सत्तावीस दिवसांची होती, म्हणजे दिवसाला एक मिनिटसुद्धा वाट्याला येत नाही. तेव्हा ज्यांना खरोखर जायचं आहे त्यांच्या कामाचं तेवढंच सांगतो.

२०२० पासून बंद असलेली कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न येतो, "काका, आम्हाला जमेल का?" मी उलट विचारतो, वय काय? परराष्ट्र मंत्रालयातर्फे जायचं तर त्या वर्षीच्या १ जानेवारीला वय सत्तरपेक्षा जास्त चालत नाही. बीएमआय पंचवीसच्या आत लागतो. (इथे काही जणांनी पोट आत घेतलेलं मला दिसलं.) २०२५ मध्ये जागा होत्या ७५०. लिपुलेख खिंडीतून पन्नास-पन्नासच्या पाच तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथू ला मार्गे दहा. निवड संगणकावर, सोडतीनं. वशिला नाही.

मी गेलो २००७ साली. वय अठ्ठावन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. आता धारचुल्याहून वर जीप जातात. तेव्हा आम्ही मांगतीपासून चालत निघालो. गालाच्या पुढे ४४४४ पायऱ्या उतरायच्या. खाली काली नदीचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही. त्याच वाटेवर मालपा लागतं. ऑगस्ट १९९८ मध्ये तिथे रात्री दरड कोसळली आणि गावाबरोबर साठएक यात्रेकरू गेले. नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांच्यातच होत्या. आमच्या तुकडीत सतत अंताक्षरी चालायची, पण मालप्याला कुणी तोंड उघडलं नाही.

खरी परीक्षा गुंजीला. दिल्लीत तपासणी झालेली असते, पण साडेदहा हजार फुटांवर आयटीबीपीचे डॉक्टर पुन्हा तपासतात. आमच्यातल्या एका गृहस्थांचं रक्तदाब काही खाली येईना. दोन दिवस थांबून पाहिलं, शेवटी त्यांना परत पाठवलं. माणूस लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं. विरळ हवेत शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. सरकारी यात्रा लांबलचक वाटते ती याचसाठी. नेपाळकडून थोडक्या दिवसांत वर नेणाऱ्या सहली आहेत. त्यांत गेलात तर निदान चढायची घाई करू नका, आणि डोकं दुखायला लागलं की लपवू नका.

लिपुलेख ओलांडायला नाभीढांगहून पहाटे तीनला निघालो. पलीकडे तकलाकोट. घड्याळ एकदम अडीच तास पुढे. तिथे डॉलर देऊन युआन घेतले. जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, पण त्या दिवशी स्वतःचे युआन मी तीनदा मोजले.

आणि मग कैलास. उंची ६,६३८ मीटर. हिमालयात याहून उंच शिखरं पुष्कळ आहेत, पण यावर कुणी चढलेलं नाही. आपल्यासाठी तो शंकराचा, जैनांसाठी ऋषभदेवांच्या निर्वाणाचं अष्टापद, बौद्धांसाठी देमचोक देवतेचं स्थान. तिबेटचा जुना बोन धर्म मानणारेही येतात, पण ते प्रदक्षिणा उलटी घालतात. वाटेत समोरून येणारी माणसं दिसली की समजायचं, हे बोन. कुणी कुणाला अडवत नाही, हसून पुढे जातात. मला हे फार आवडलं.

परिक्रमा सुमारे बावन्न किलोमीटरची, आम्हाला तीन दिवस लागले. तिबेटी माणसं एका दिवसात उरकतात, आणि काही जण दर पावलाला साष्टांग नमस्कार घालत आठवडे काढतात. दिरापुकच्या मुक्कामाहून उत्तरेकडची अख्खी भिंत समोर दिसते. दुसऱ्या दिवशी डोल्मा ला, साडेअठरा हजार फूट. तिथे मी दहा पावलं मोजायचो आणि थांबायचो. माथ्यावर प्रार्थनेच्या पताका फडफडत होत्या आणि पलीकडे उतारावर खाली हिरवंगार गौरीकुंड.

मानसरोवर पंधरा हजार फुटांवर. पाणी गोडं. शेजारचा राक्षसताल मात्र मचूळ. दोन्हींमध्ये गंगा छू नावाचा एक ओढा आहे. मी आंघोळ केली, आणि पाच लिटरचा कॅन भरून आणला.

तो कॅन जुन्या सभासदांना आठवत असेल. सौ.नी सगळ्या विंगमध्ये वाटलं ते पाणी. कुणी वाटी घेऊन आलं, कुणी औषधाची बाटली. स्वतःसाठी त्यांनी थेंब ठेवला नाही. म्हणाल्या, "अहो, माझं मी आणीन."

त्यांचा बेत तेव्हापासूनचा. माझी आई अंथरुणावर होती, दोघांपैकी एकानं घरी राहणं भागच होतं. आई २०१६ साली गेली. मग मुलीची दोन बाळंतपणं. २०१९ च्या दिवाळीपासून सौ. लिफ्ट सोडून रोज सात मजले चढायला लागल्या, तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलंय. आणि २०२० मध्ये करोना. यात्रा पाच वर्षं बंद. २०२५ मध्ये सुरू झाली त्या दिवशी मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "मला एकाहत्तर चालू आहे." एका वर्षानं हुकलं. मला काही बोलता आलं नाही.

म्हणून पन्नाशी-साठीतल्यांनो, मुलीचं लग्न झाल्यावर, फ्लॅटचं कर्ज फिटल्यावर असले हिशेब माझ्यापुढे मांडू नका. शिवाय २०२६ हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष आहे. बारा वर्षांनी येतं, आणि त्यात एका परिक्रमेचं पुण्य तेरा परिक्रमांइतकं, अशी तिथली श्रद्धा. एवढं व्याज आमच्या बँकेनं कधी दिलं नाही!

सत्तरीपुढच्यांसाठीही वाट आहे. नाभीढांगहून ओमपर्वत दिसतो, तिथवर आता जीप जाते. जुन्या लिपुलेखजवळ आपल्याच हद्दीतल्या एका ठिकाणाहून थेट कैलास दिसतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पहिली तुकडी गेली. परवाने धारचुल्याला मिळतात, डॉक्टरांचा दाखला लागतो. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं निघणार आहोत. सौ. अजून सात मजले चढतात; मी लिफ्टनं येतो.

सामानाची यादी आणि तपासण्यांचे जुने कागद घरी जपून ठेवलेत. संध्याकाळी सहानंतर केव्हाही या. झेरॉक्स तेवढी तुमची तुम्ही काढा.