कपाटाची किल्ली



भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. सुरुवात एका कबुलीने करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती आली, आणि सोबत ताकीदही: काही मोडले तर भरपाई तुम्ही करायची. मी वर्षभर कपाट उघडलेच नाही. मुलांनी मागच्या तुकडीच्या वह्यांतून आकडे उतरवले, मी सह्या केल्या. सगळ्यांची उत्तरे बरोबर आली. त्या बरोबर उत्तरांची लाज मला अजून वाटते.

पुढे मी मुलांना वेधशाळेत नेऊ लागलो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली ही यंत्रे १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवली. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या गणित्याने तिथे काम केले. चुन्याविटांची ही यंत्रे मुलांच्या हाताने मोडत नाहीत. सम्राट यंत्राची तिरकी भिंत क्षितिजाशी सुमारे २३ अंश १० कलांचा कोन करते, कारण तेच उज्जैनचे अक्षांश.

आपण लहानपणापासून ऐकतो की २१ जूनच्या दुपारी इथे सावली नाहीशी होते. मुलांनी हिशेब केला. त्या दिवशी सूर्य २३ अंश २६ कलांपर्यंत उत्तरेला जातो, म्हणजे आपल्या माथ्याच्याही थोडा पलीकडे. मीटरभर काठीची सावली साडेचार मिलिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे पडायला हवी. खरे शून्य सावलीचे दिवस १२ आणि ३० जूनच्या आसपास येतात. काठी रोवली, साडेबाराच्या जरा आधी सगळे वाकले. एक मुलगी म्हणाली, "सर, सावलीला कडाच नाही, मोजू कुठून?" सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून कडा पुसट होते. हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले होते. तिला ते त्या दिवशी कळले.

कलेचेही तसेच. विष्णु श्रीधर वाकणकर चित्रकार होते आणि पुरातत्त्वज्ञही. विक्रम विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९५७ मध्ये त्यांना आगगाडीतून भीमबेटकाच्या टेकड्या दिसल्या. उज्जैनात त्यांनी भारती कला भवन उभारले आणि विद्यार्थ्यांना शैलचित्रे रेखाटायला शिकवले. एकावर एक काढलेल्या आकृत्यांची नक्कल करताना ठरवावे लागते की कोणती रेघ वर आणि कोणती खाली, म्हणजेच कोणते चित्र आधीचे. कुंचला धरलेल्या मुलाला तिथे संशोधन करावेच लागते. इथून २५ किलोमीटरवरच्या कायथ्याचे ताम्रपाषाणयुगीन अवशेष वाकणकरांनीच शोधले. पुढे विक्रम विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केले. आपल्या गावाला ही परंपरा नवी नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आणि त्यात संशोधनाची सोय केली. स्वागत आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार ही वाट पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठी आहे. जागा, उपकरणे आणि मार्गदर्शक मोजके, म्हणून चाळणी लागते, हे मी समजतो. तरीही क्रम उलटा झाला असे वाटते. सावलीची कडा शोधणाऱ्या त्या मुलीला ७५ टक्के कधीच मिळाले नाहीत. मोठा प्रबंध चौथ्या वर्षी असू द्या. काठी, कुंचला आणि खुरपे मात्र पहिल्या वर्षीच हाती यायला हवे.

शेवटी एक मागणे. आपल्यातल्या कितीतरी घरांत शिंदेशाहीपासूनचे मोडी कागद, हिशेबाच्या वह्या, जुनी पंचांगे माळ्यावर पडून आहेत. फाटतील म्हणून आपण ती कोणाला दाखवत नाही, आणि वाळवी मात्र रोज वाचते. एखाद्या रविवारी पदवीच्या दोन मुलांना घरी बोलवा. ट्रंक त्यांच्यासमोर उघडा, शेजारी बसा, त्यांना कागद हाताळू द्या, छायाचित्रे घेऊ द्या. एखादा कोपरा दुमडेल, तेवढे सोसा. मी कपाट बंद ठेवले तेव्हा उपकरण एकही मोडले नाही, पण एक अख्खी तुकडी काही न शिकता पास झाली.