बॉटनी बेचे मूळ थेम्सवर



ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीचा इतिहास बहुधा २६ जानेवारी १७८८ पासून सांगितला जातो. त्या दिवशी कॅप्टन आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण रोवले. पण या वसाहतीचे मूळ शोधायचे तर लंडनच्या थेम्स नदीवर जावे लागते. तिथे १७७६ पासून निकामी जहाजे नांगरून त्यांत कैदी कोंबले जात होते.

हे कैदी कोण होते? अठराव्या शतकात इंग्लंडच्या जमीनदारवर्गाने पार्लमेंटच्या कायद्यांच्या बळावर गावोगावची सामाईक कुरणे आणि राने कुंपणात घेतली. शेतमजुराच्या गाईचा चारा गेला, चुलीचे सरपण गेले. त्याच पार्लमेंटने फाशीचे गुन्हे इतके वाढवले की शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणे हाही देहान्ताचा गुन्हा! इतक्यांना लटकावणे न्यायाधीशांनाही जड जाई, म्हणून हद्दपारी. १७१८ च्या कायद्याने कैद्यांना सात किंवा चौदा वर्षांसाठी अमेरिकेतील वसाहतींत धाडण्याची पद्धत पक्की केली. सुमारे पन्नास हजार माणसे अशी गेली. ठेकेदार त्यांना नेत आणि शिक्षेच्या मुदतीपुरते त्यांचे श्रम मळेवाल्यांना विकत. सरकारची ब्याद टळे, ठेकेदाराची थैली भरे.

अमेरिकन वसाहतींनी बंड पुकारले आणि हा बाजार बसला. शिक्षा मात्र चालूच राहिल्या. आफ्रिकेचा किनारा चाचपण्यात आला; नैर्ऋत्य किनाऱ्याची पाहणी करणारे जहाज १७८६ मध्ये तो ओसाड असल्याची वार्ता घेऊन परतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बॉटनी बेचा निर्णय झाला. नौदलासाठी अंबाडी आणि डोलकाठ्यांचे लाकूड मिळवणे हाही हेतू होता, असे काही इतिहासकार मानतात. असेलही, पण सरकारची घाई तुंबलेल्या तुरुंगांमुळे होती.

बॉटनी बेची शिफारस जोसेफ बँक्सने १७७९ मध्येच पार्लमेंटच्या समितीपुढे केली होती. १७७० मध्ये कुकबरोबर तो तिथे जेमतेम आठवडाभर राहिला होता. आसपास पन्नासाहून अधिक लोक नसावेत, त्यांच्याकडून विरोधाचा संभव नाही, अशी साक्ष त्याने दिली. कुकचे लोक किनाऱ्यावर उतरताना दोन पुरुष भाले घेऊन आडवे आले होते आणि त्यांच्यावर बंदुका झाडाव्या लागल्या होत्या, हे त्याला ठाऊक नव्हते थोडेच!

१३ मे १७८७ रोजी अकरा जहाजे सुमारे साडेसातशे कैदी घेऊन निघाली. हा ताफा त्या मानाने सुखरूप पोहोचला. १७९० च्या दुसऱ्या ताफ्याचा ठेका मात्र गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या पेढीला मिळाला. मोबदला जहाजावर चढवलेल्या डोक्यांमागे होता, जिवंत उतरवलेल्यांमागे नव्हे. सुमारे एक हजार कैद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाटेतच मेला.

गावची जमीन गमावलेल्या वर्गातील माणसांच्या हातांनी आता दुसऱ्यांची जमीन खोदली जाऊ लागली. सिडनीभोवतीच्या इओरा लोकांची संमती कोणी विचारली नाही. कुकला मिळालेल्या गुप्त आदेशात मूळ रहिवाशांच्या संमतीने ताबा घ्यावा, असे शब्द होते. ते कागदावरच राहिले. १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि किनाऱ्यावर इओरांची प्रेते पडली. ती भूमी कायद्याच्या दृष्टीने बेवारस नव्हती, असा निवाडा ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेबो खटल्यात दिला, तो १९९२ साली.